चाळीस मोजेपर्यंत दार उघडं

गील, ८ सप्टेंबर १९९६

प्रिय लीव,

खर्र, खर्र. खर्र, खर्र.

आठवतो का तुला तो आवाज? एकोणीसशे पन्नासचा ऑक्टोबर, सकाळची वेळ. गावातल्या घरांत मनोरुग्ण राहायला ठेवणाऱ्या कचेरीच्या माणसाने रेमीला आपल्या दारात आणून सोडला. चोवीस वर्षांचा काटकुळा पोरगा, हातात पत्र्याची सूटकेस. आत यायचं सोडून हा पायपुसण्यावर बूट घासत उभा. उजवा, डावा, उजवा, डावा, ओठातल्या ओठात मोजत. बाहेरचा गारठा सगळा स्वयंपाकघरात शिरला. बाबा ओरडले, "अगं, त्याला आत तरी घे, नाहीतर दार तरी लाव!" आणि आई कडी हातात धरून शांतपणे म्हणाली, "त्याचं संपू दे." चाळीस झाले तेव्हा तो आत आला. तू जिन्यावर बसून तोंडात एप्रन कोंबून हसत होतीस.

त्याला आता सेहेचाळीस वर्षं होतील. आईबाबा गेले, घर माझ्याकडे आलं आणि घराबरोबर रेमीही आला. एल्झा लग्न होऊन आली तेव्हा आईने तिला चुलीपाशी नेऊन दोनच गोष्टी सांगितल्या: खिरीत केशर शेवटी घालायचं आणि रेमीला दारात घाई करायची नाही. बिचारीने दोन्ही पाळल्या, अगदी या फेब्रुवारीत गेली तोपर्यंत.

आता मुद्द्याचं. आनेलीस, म्हणजे दर मंगळवारी रेमीला बघायला येते ती नर्स, गेल्या खेपेला कॉफी न पिताच बसली. कॉफी न पिणारी नर्स पाहिली की मला धडकी भरते. म्हणाली, "फिलकाका, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर, रेमी सत्तरचा. घरात तिसरं माणूस नाही. कचेरी म्हणते, असं चालायचं नाही." अठरा नोव्हेंबरला बैठक आहे. तोपर्यंत घरात दुसरं धडधाकट माणूस राहायला आलं तर ठीक. नाही आलं तर रेमी दुसऱ्या कुटुंबाकडे जाणार, आणि तिथे नाही जमलं तर दवाखान्याच्या मोठ्या इमारतीत, जिथे जेवणाची घंटा वाजते.

लीव, तू ये ना. योसेफ जाऊन तुला सहा वर्षं झाली. त्या समुद्राकाठच्या वाऱ्यात एकटी काय करतेस? मागची खोली रिकामीच आहे. फोनवर मला काही ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय.

काल शेंगा सोलताना गुरुजींची ती कविता आठवत होतो.

माळावरच्या वाटसरा रे, दिवा आमुचा दिसतो का?
वारा भणभण, धुके दाटले, कुत्रे कोठे भुंकते का?
दार लोटले, कडी काढली, लाजत मागे फिरतो का?

चौथी ओळ काही केल्या येत नाही. एल्झाला यायची. तुला येते का?

तुझा,
फिल

*

ओस्टेंड, २० सप्टेंबर

प्रिय फिल,

पत्र मिळालं. उशिरा उत्तर देतेय, माफ कर. हल्ली दिवस कुठे जातो कळत नाही आणि संपता संपत नाही.

येणं शक्य नाही. गुडघा धड नाही, आणि वरची खोली भाड्याने दिली आहे, त्याचंही बघावं लागतं. भाडेकरू शांत आहे तसा. दुपारी येरझाऱ्या घालतो, खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं, परत सात. मला आता त्याच्या पावलांवरून कळतं, आज दिवस बरा जाणार की नाही. त्याला घंटीचा आवाज सोसत नाही, म्हणून फोनची वायर काढून ठेवलीय आणि दाराच्या घंटीला फडकं गुंडाळलंय. तेव्हा तू फोन केला नाहीस ते बरंच झालं.

वाउटर बोटीवर आहे. कधी इकडे, कधी तिकडे. मामाला नमस्कार सांगतो.

आणि खरं सांगू का? मी त्या घरातून निघाले ती कशासाठी, हे तुला ठाऊक आहे. माझ्या मैत्रिणींच्या घरी जेवायला बसलं की आई, बाप, भावंडं. आपल्या टेबलाशी कचेरीने पाठवलेले राहणारे. माझ्या लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात अख्खी वरात उभी होती, कारण रेमीचे चाळीस व्हायचे होते. सासूबाईंनी मला त्यावरून वीस वर्षं ऐकवलं. दार लावलं की आत फक्त आपली माणसं, एवढंच मला हवं होतं. तेवढं मिळालं.

रेमीचं वाईट वाटतं. पण कचेरी काही वैरी नाही त्याची. करतील ते बघून करतील.

कवितेची ओळ मला आठवत नाही.

लीव

*

गील, ३ ऑक्टोबर

प्रिय लीव,

तुझं पत्र नेहमीप्रमाणे जेवणानंतर मोठ्याने वाचलं. रेमीला पत्रं ऐकायला आवडतात. पाकिटावरचा पत्ता तो आधी स्वतः वाचतो, मग पाकीट मला देतो. टाकायलाही तोच नेतो. लग्नाच्या वरातीचं वाचलं तेव्हा खुदकन हसला आणि म्हणाला, "चर्चची पायरी फार घाण होती त्या दिवशी."

मग उठून ताटं उचलली. भांडी झाली, टेबल पुसून झालं, तेव्हा म्हणाला, "भाडेकरूचं ताट कोण वर नेतं?"

मी म्हटलं, "अरे, असं कुठे लिहिलंय?"

"गुडघा दुखतो लिहिलंय," तो म्हणाला. "जिना आहे."

त्याच्या डोक्यात काय चालतं देव जाणे. पण तू खरंच ताट नेत असशील तर कमाल झाली! राहणाऱ्यांना कंटाळून पळालीस आणि शेवटी एक पदरात बांधून घेतलासच.

इथे गोष्टी पुढे सरकल्यात. रविवारी आनेलीस आम्हाला एका कुटुंबाकडे घेऊन गेली. तरुण जोडपं, दोन मुली, स्वच्छ घर, नवं स्वयंपाकघर. माणसं चांगली आहेत ग, म्हणून तर जास्त त्रास झाला. रेमी दारात बूट घासायला लागला. तेविसाव्याला ती बाई प्रेमानेच म्हणाली, "पुरे झालं हो, स्वच्छ आहेत की! या ना आत." रेमीने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. एकतिसाव्याला तिच्या नवऱ्याने म्हटलं, "कॉफी गार होतेय." पुन्हा एक. शेवटी आनेलीसने मला खूण केली. आम्ही आत न जाताच परतलो. कॉफी, केक सगळं टेबलावर तसंच.

वाटेत तो एकच वाक्य बोलला: "त्यांच्या घरात आई नव्हती."

घरी आल्यावर आपल्या दारात चाळीस केले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.

लीव, गुडघ्याचं कारण मला पटत नाही. आमच्या मागच्या खोलीला जिना नाही. तुझ्या भाडेकरूला दुसरी जागा मिळेल, त्यात काय? रेमीला मिळणार नाही. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे तूही कबूल करशील.

फिल

*

ओस्टेंड, ९ ऑक्टोबर

फिल,

नाही येता येणार. कृपा करून पुन्हा विचारू नकोस. मी फार थकले आहे.

लीव

*

गील, २ नोव्हेंबर

लीव,

काल सर्व संतांचा दिवस. रेमीने एल्झाच्या थडग्यावर पांढरी शेवंती ठेवली आणि दगड आपल्या बाहीने पुसला. किती वेळा ते मी मोजलं नाही. धुकं इतकं होतं की बाजूची थडगी दिसत नव्हती. मला शाळेतली ती माळावरची वाट आठवत राहिली. चौथी ओळ आली नाहीच.

तीन आठवडे मी तुला लिहिलं नाही, कारण राग होता. अजून आहे, तेव्हा लिहूनच टाकतो. तुला रेमीची लाज वाटते. तेव्हाही वाटायची, अजून वाटते. बोटीवरच्या मुलाच्या आणि भाडेकरूच्या आड लपू नकोस. सरळ म्हण की सत्तराव्या वर्षी पुन्हा त्या टेबलाशी बसायचं नाही. मी समजून घेईन. म्हणजे घेणार नाही, पण वाद घालणार नाही.

रेमीला कळलं आहे. माळ्यावरून त्याने ती पत्र्याची सूटकेस खाली काढली. कड्यांना तेल घातलं. रोज उठून मागची खोली झाडतो, गादी उन्हात टाकतो, खिडकीच्या काचा वर्तमानपत्राने पुसतो. स्वतःच्या खोलीला हात लावत नाही. मला वाटतं, घर सोडण्याआधी ते आवरून द्यायचं असं त्याच्या मनात असावं. मी त्याला म्हटलं, "अरे, अजून ठरलं नाही." तो म्हणाला, "कपाट आतून ओलं आहे. दोन दिवस उघडं ठेवावं लागेल." मी अंगणात जाऊन उगाच कोंबड्या मोजल्या.

अठरा तारखेला सोमवार आहे.

फिल

*

ओस्टेंड, ७ नोव्हेंबर

फिल,

भाडेकरू नाही. वाउटर आहे.

हे एवढं लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा बाकीचं कसंही लिहीन, तू लावून घे.

दोन वर्षं झाली. बोटीवरून उतरवून दिला त्यांनी. आधी म्हणाला, झोप येत नाही. मग म्हणाला, खाली रस्त्यावरचे लोक त्याच्याबद्दल बोलतात. मग बोलायचंच सोडलं. आता खोलीच्या बाहेर पडत नाही. ताट मी दाराशी ठेवते, अर्धं खातो. दाढी छातीपर्यंत आलीय. चव्वेचाळीस वर्षांचा माझा मुलगा, ज्याने मला बोटीवरून केळ्यांचा घड आणला होता. डॉक्टर दोनदा येऊन गेले. म्हणाले, दवाखान्यात भरती करा. मी म्हटलं, बघते. शेजारणीला सांगितलंय, मुलगा ब्राझीलला असतो. गेल्या नाताळात तिने त्याच्यासाठी तिकीट लावलेलं कार्ड माझ्याकडे दिलं, पाठवून द्या म्हणून. ते अजून माझ्या खणात आहे. एका घराला इतक्या कड्या लावता येतात हे मला माहीत नव्हतं.

रेमीची लाज मला वाटत नाही, फिल. वाटायची तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मूर्ख होते. हल्ली ताट घेऊन जिना चढताना मला रोज आईची आठवण येते. मला तिच्यासारखं उभं राहता येत नाही. मी दारावर थापा मारते. ओरडते. मग जिन्यावर बसून रडते.

पण तुलाही एक सांगते. गेल्या वर्षी ईस्टरला मी एल्झाला बघायला आले होते, तेव्हा माझे हात कापत होते. कप बशीवर वाजत होता. तू पाहिलंस. मी पाहिलं तू पाहिलंस ते. आणि तू उठून माझा कप बदलून जाड मग दिलास आणि हवेबद्दल बोलायला लागलास. मी सबंध दुपार वाट पाहिली, आता विचारशील, मग विचारशील. गाडीत बसेपर्यंत.

मला ठाऊक आहे, गीलची रीत. घरात येणाऱ्याचा आजार कचेरी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. आईने सात राहणारे सांभाळले, एकाच्याही आजाराचं नाव तिला माहीत नव्हतं. ती म्हणायची, मला त्याचं नाव माहीत आहे, आजाराचं कशाला? राहणाऱ्यांसाठी ते ठीक होतं, फिल. मी राहणारी नव्हते. बहीण होते.

लीव

*

गील, १२ नोव्हेंबर

लीव,

हे पत्र मी मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबलो. रेमी म्हणाला, "वाच." मी म्हटलं, "खाजगी आहे." तो म्हणाला, "मला माहीत आहे. वाच." म्हणून वाचलं. शेवटपर्यंत. ताट वर नेण्याचं त्याने पहिल्याच पत्रात ओळखलं होतं, आणि मी, कविता तोंडपाठ करणारा माणूस, विनोद करत बसलो.

तो जाड मग मला आठवतो. एल्झा रात्री म्हणाली होती, "लीवला काहीतरी झालंय, विचार तिला." मी तिला म्हटलं, "सांगायचं असेल तर सांगेल." मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. सबंध आयुष्यात मी हे एकच शिकलो होतो, न विचारणं. ते कुठे वापरायचं नाही हे कुणी शिकवलं नाही. माफ कर म्हणायला तोंड नाही, म्हणून लिहितो. माफ कर.

आता विचारतो. सगळं विचारतो. वाउटर काय खातो? गोड चालतं का? दिवसा झोपतो की नाही? खिडकी उघडू देतो का? हाक मारली तर ओ देतो का? तू शेवटची नीट कधी झोपलीस? तुझ्यासाठी ताट कोण वाढतं?

मीही एक लपवलं होतं. कचेरीला माझ्या वयाचं काही नव्हतं, ते आजवर काणाडोळा करत आले. ऑगस्टमध्ये मी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी चक्कर येऊन पडलो. रेमीने आपला कोट माझ्या डोक्याखाली घातला आणि धावत शेजारी गेला. गेला तो त्यांच्या दारात बूट घासत उभा राहिला. त्यांना वाटलं, सहज आलाय. चाळीस झाल्यावर त्याने सांगितलं. मी तोवर मातीत पडून ढग बघत होतो. मजेत नव्हे. पण त्याच्यावर रागवायचं मनात आलं नाही. आनेलीस म्हणाली, "काका, पुढच्या वेळी चाळीस फार होतील." बरोबर आहे तिचं. म्हणून घरात तिसरं माणूस हवं.

आता तुला ये म्हणत नाही. दोघे या म्हणतो. आनेलीसला मी विचारलं, नाव न सांगता, की समजा एखाद्याच्या बहिणीचा मुलगा असेल तर? तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तर बहिणीने एकटीने जिना चढू नये, फिलकाका. आधी माणसं इथे येऊ देत. कागद मागून." आणि या खेपेला तिने कॉफी घेतली. दोन कप.

पण दोन वर्षं जो जिना उतरला नाही, तो इथवर कसा यायचा, हे मला सुचत नाही. मी यावं तर डॉक्टर मला गावाच्या वेशीपर्यंत जाऊ देत नाहीत. उरलेत सहा दिवस.

पत्र रेमीकडे देतो. तो केव्हाचा टोपी घालून उभा आहे.

तुझा,
फिल

*

ओस्टेंड, १५ नोव्हेंबर, दुपार

प्रिय फिल,

तुझं पत्र काल आलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तीनदा वाचलं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, कारण इतके प्रश्न मला दोन वर्षांत कुणी विचारले नाहीत.

गोड चालतं. तांदळाची खीर ठेवली तर वाडगा रिकामा येतो. दिवसा झोपतो, पण तुकड्या-तुकड्यांनी. खिडकी उघडू देत नाही. हाक मारली तर पावलं थांबतात, एवढंच. मी नीट कधी झोपले ते आठवत नाही. माझं ताट मी वाढत नाही, भांड्यातूनच खाते.

यायला मी तयार आहे. हे वाक्य लिहून मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले, पण ते खरं आहे. काल दाराशी बसून वाउटरला सांगितलं, मामाकडे जाऊ या. पावलं थांबली. मग पुन्हा सुरू झाली. सात, परत सात. मी दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. त्यापुढे मला काही येत नाही, फिल. रुग्णवाहिका बोलावून चार माणसांनी धरून न्यायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. आणि सोमवार तर आलाच. माझ्यामुळे रेमीचंही घर जाणार, असं वाटून सकाळपासून हातून काही होत नाही.

तुझी ओळ मला पहिल्या दिवसापासून येत होती. लिहवली नाही.

नाव न पुसतो, गाव न पुसतो, शेकत थोडा बसतो का?

बघ, यातसुद्धा विचारलेलं आहेच. ब

फिल, थांब.

खाली काहीतरी घासल्याचा आवाज येतोय. घंटी नाही. खर्र, खर्र. मी काचेतून पाहिलं आणि वही घेऊनच खाली आले, दार उघडलं, पायरीवर बसून लिहितेय, कारण मला वेळ आहे. त्याचे अजून अकराच मोजून झालेत.

तो रेमी आहे. एकटा. टोपी, तुझा जुना ओव्हरकोट, आणि ती पत्र्याची सूटकेस. खिशातून मी तुला पाठवलेल्या पत्राचं पाकीट डोकावतंय, पाठीमागचा माझा पत्ता वर. तुला माहीत आहे का तो इथे आहे ते? अरे, हा माणूस एकटा बेकरीच्या पलीकडे कधी गेला नाही!

मी म्हटलं, "रेमी, राहायला आलास?" त्याने नाही म्हणून मान हलवली, मोजणं मोडू दिलं नाही. सूटकेस माझ्याकडे सरकवली. हलकी लागली म्हणून उघडली. रिकामी आहे. आत स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलंय, घडी घातलेल्या कपड्यांखाली घालतात तसं. वाउटरचे कपडे न्यायला आणलीय.

सव्वीस. आता तो मोठ्याने मोजतोय. का ते कळेना, मग कळलं. वर पावलं थांबली आहेत. खिडकीपाशी नाही, दारापाशी. सत्तावीस. अठ्ठावीस. समुद्राचा सगळा वारा घरात शिरतोय, तुझं पत्र उडून जिन्याखाली गेलं, शेजारीण तिच्या पायरीवर येऊन उभी राहिलीय आणि हे काय म्हणून बघतेय.

बघू दे. कडी माझ्या हातात आहे. त्याचं संपू दे.